पाच मिनिटांचे वार्तापत्र

मेजामागे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली आहे. तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, इस्त्री केलेला गणवेश, समोर चार कागद. ती मान वर करते, नमस्कार करते आणि म्हणते, "आता ऐका आजच्या बातम्या." पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाचे हसू उमटते. ते हसू विरण्यापूर्वीच पहिली बातमी सांगून झालेली असते, आणि ती बहुधा कोणीच ऐकलेली नसते. मुलाकडून बातम्या वदवून घेण्याच्या उपक्रमातील मुख्य अडचण ही अशी आरंभीच उभी राहते. पाहणाऱ्याला मूल दिसते; बातमी दिसत नाही.

आज साध्या मोबाइल फोनवर उत्तम चित्रफीत घेता येते. त्यामुळे अनेक शाळांतून विद्यार्थ्यांची वार्तापत्रे तयार होऊ लागली आहेत. साधने हाती आली की काम सोपे झाले असे वाटते. परंतु विचाराचे काम यंत्र करीत नाही. कोणती बातमी घ्यावी, ती खरी कशी ठरवावी, कोणत्या शब्दांत सांगावी आणि ती सांगणाऱ्या मुलाला कसे जपावे, याचा आराखडा चित्रीकरणाच्या आधी कागदावर उतरला पाहिजे. असा आराखडा कसा करावा, ते या पुस्तिकेत सांगावयाचे आहे. उदाहरणादाखल आपण बुंदेलखंडातील मऊरानीपुर हे गाव घेऊ. तेथील एखाद्या शाळेतील सातवी-आठवीच्या मुलांनी पाच मिनिटांचे वार्तापत्र करावयाचे ठरविले, अशी कल्पना करू.

गाव आणि खबर

झाशीपासून साठ-पासष्ट किलोमीटरांवर, झाशी–माणिकपूर लोहमार्गावर मऊरानीपुर वसलेले आहे. सुखनई नदी गावाजवळून वाहते. भाद्रपदात येथे जलविहाराचा मेळा भरतो, तेव्हा देवांची विमाने वाजतगाजत नदीवर नेतात. एकोणिसाव्या शतकात येथील 'खारुआ' नावाचे तांबडे कापड प्रसिद्ध होते; त्याचा रंग आल या झाडाच्या मुळांपासून काढीत असत. १८६८ च्या सुमारास जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला, आणि पुढे जगभर मुळांपासून व पानांपासून काढलेल्या रंगांचा व्यापार ओसरत गेला. कापड विणण्याची परंपरा मात्र जवळच्या रानीपुरात टिकून राहिली. नदी, मेळा, माग आणि रंग या चार गोष्टींतच मुलांना वर्षभर पुरतील इतक्या बातम्या आहेत.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. झाशीचे नेवाळकर घराणे मराठी. आणि १८५८ च्या वेढ्याचा मराठीतील डोळ्यांदेखतचा वृत्तान्त वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे. गोडसे यांनी तो प्रवासानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिला. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यावर स्वतः संस्कार करून तो छापला, आणि मूळ लिखाण दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली पुढे आले. वार्तापत्र करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या एकाच पुस्तकातून तीन धडे मिळतात. गोडसे यांनी झाशीत जे पाहिले ते एक. इतर ठिकाणांविषयी जे ऐकले ते दुसरे. आणि संपादकाच्या हातून मजकुरात जो फरक पडला तो तिसरा. पाहिलेले, ऐकलेले आणि बदललेले या तिन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळ्या काढाव्या लागतात. वार्ताहराने त्या पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या ठेवाव्या. 'बखर' हा शब्द 'खबर' या शब्दातील अक्षरांची उलटापालट होऊन आला, असे मानले जाते. ते खरे धरले, तर आजची खबर ही उद्याची बखर होय, हे आपल्या भाषेनेच सांगून ठेवले आहे.

दूरचित्रवाणी आणि मुले

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला, आणि दोन वर्षांतच, म्हणजे १९६१ साली, शाळांसाठी पाठ दाखविण्यास प्रारंभ झाला. दैनंदिन वार्तापत्र १९६५ साली आले. म्हणजे या देशात पडद्यावर बातम्यांआधी शाळा आली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. त्यांतही मुलांसाठी वेगळा वेळ राखलेला होता. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली, आणि मराठी मुलांच्या एका पिढीने तिचे कार्यक्रम पाहिले.

मुलांसाठी वेगळे वार्तापत्र काढण्याची कल्पना इतर देशांतही रुजली. ब्रिटनमध्ये बी. बी. सी. ने 'न्यूजराउंड' हे वार्तापत्र ४ एप्रिल १९७२ रोजी सुरू केले. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान कोसळल्याची बातमी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सर्वांत आधी याच मुलांच्या वार्तापत्राने दिली. तेथे निवेदक मात्र प्रौढ असत. प्रौढ माणूस मुलांना बातम्या सांगतो ही एक रीत, आणि मूल सर्वांना बातम्या सांगते ही दुसरी. दुसरी रीत अधिक अवघड आहे.

बुंदेलखंडात सामान्य माणसांनी स्वतः बातम्या देण्याची परंपराही अलीकडे तयार झाली आहे. २००२ साली चित्रकूट जिल्ह्यात ग्रामीण स्त्रियांनी चालविलेले 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र बुंदेली बोलीत निघाले. पुढे त्यांनी चित्रफितींचा मार्ग धरला. २००८ साली ओरछाजवळ 'रेडिओ बुंदेलखंड' हे सामुदायिक आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ज्यांच्या बोलीला कोणी बातमीची भाषा मानले नव्हते, त्यांच्याच तोंडून गावाने बातम्या ऐकल्या. मऊरानीपुरच्या मुलांचे वार्तापत्र याच वाटेवरचे एक छोटे पाऊल ठरेल.

बातम्यांची निवड आणि कामाची वाटणी

भाद्रपद महिना आहे असे समजू. मुलांनी पुढील चार बातम्या निवडल्या. पहिली, शाळेच्या पर्जन्यमापकात आठवड्याभरात मोजलेला पाऊस. दुसरी, शाळेजवळच्या दोन हातपंपांच्या पाण्याची तपासणी. तिसरी, जलविहाराच्या मेळ्याची तयारी. चौथी, केन–बेतवा जोडकालव्याचे काम. यांतील पहिली बातमी मुलांनी स्वतः मोजलेली, दुसरी त्यांनी स्वतः तपासलेली, तिसरी पाहिलेली आणि चौथी वाचलेली आहे. प्रत्येक बातमीच्या कागदावर कोपऱ्यात 'मोजले', 'तपासले', 'पाहिले' किंवा 'वाचले' असा शब्द लिहावा. ज्या कागदावर 'ऐकले' एवढेच लिहावे लागेल, तो कागद बाजूला ठेवावा.

कामे सहा आहेत: माहिती आणणे, पडताळणे, लिहिणे, चित्र घेणे, आवाज सांभाळणे आणि वाचणे. यांपैकी पडताळणी करणारा विद्यार्थी माहिती आणणाऱ्यांपैकी नसावा. आपणच आणलेल्या बातमीवर आपले प्रेम जडते, आणि तिच्यातील उणीव दिसेनाशी होते. उलटपक्षी, वाचणाऱ्या मुलाला मात्र लिहिण्याच्या बैठकीत बसविलेच पाहिजे. तयार मजकूर हाती देऊन "हे म्हणून दाखव" असे सांगितले, तर ते मूल निवेदक राहत नाही. 'निवेदन' या शब्दात जाणवून देण्याचा अर्थ आहे, आणि आपल्याला जे जाणवले नाही ते दुसऱ्याला जाणवून देता येत नाही.

शब्दांचा हिशेब

पाच मिनिटे म्हणजे तीनशे सेकंद. आरंभीच्या व अखेरच्या चित्रांना दहा-दहा सेकंद दिले, आणि नदी, मेळा, पंप यांची प्रत्यक्ष चित्रे व तेथील लोकांचे बोलणे यांसाठी शंभर सेकंद ठेवले, तर वाचनाला एकशे ऐंशी सेकंद, म्हणजे तीन मिनिटे उरतात. मूल मिनिटाला किती शब्द स्पष्टपणे वाचते, हे अंदाजाने ठरवू नये. शंभर शब्दांचा अनोळखी उतारा द्यावा आणि घड्याळ लावावे. तो एका मिनिटात पुरा झाला असे धरले, तर आपल्याजवळ एकूण तीनशे शब्द आहेत. त्यांतील चाळीस शब्द नमस्कार, ठळक बातम्या व निरोप यांत जातील. वीस शब्द बाजूला काढून ठेवावे. ते कशासाठी, हे पुढे सांगू. राहिलेल्या दोनशे चाळीस शब्दांत चार बातम्या, म्हणजे प्रत्येक बातमीला साठ शब्द. हा हिशेब फळ्यावर मांडला की मुले स्वतःच अनावश्यक विशेषणे खोडू लागतात.

वाक्य एका श्वासात पुरे व्हावे. आठ ते दहा शब्दांपेक्षा लांब वाक्य मुलाच्या तोंडी घालू नये. कागदावरचे वाक्य आणि कानावरचे वाक्य यांत मोठा भेद आहे. वाचकाला मागे जाऊन पुन्हा वाचता येते, श्रोत्याला येत नाही. आकड्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. केन–बेतवा प्रकल्पाची कोनशिला २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे बसविण्यात आली. त्याच्या आराखड्यानुसार दरवर्षी १०.६२ लाख हेक्टर जमिनीला पाणी आणि सुमारे ६२ लाख लोकांना पिण्याचे पाणी मिळावयाचे आहे. कागदावर 'दहा दशांश सहा दोन' शोभते. कानाला 'साडेदहा लाख हेक्टरांहून अधिक' हेच कळते. शिवाय 'मिळावयाचे आहे' हे क्रियापद कोठेही 'मिळाले' असे होता कामा नये. योजना आणि घटना यांत जो भेद आहे, तो एका प्रत्ययावर उभा असतो.

पावसाच्या बातमीत आकड्याला आकार देता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर दोनशे चौरस मीटर असेल आणि दहा मिलिमीटर पाऊस पडला असेल, तर त्या छपरावर दोन हजार लिटर पाणी उतरले. "आठवड्यात दहा मिलिमीटर पाऊस झाला" हे वाक्य विसरले जाते. "आमच्या शाळेच्या छपरावरून दोन हजार लिटर पाणी वाहून गेले" हे वाक्य ऐकणारा घरी जाऊन आपल्या छपराकडे पाहतो.

उकळलेल्या पाण्याची बातमी

आता सर्वांत नाजूक बातमी. मुलांनी दोन हातपंपांचे पाणी तपासणी-संचातील पट्टीने तपासले. एका पंपाच्या पाण्यात नायट्रेटचा रंग गडद आला. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. मुलांच्या पट्टीवरील रंग त्याहून पुढच्या खणाशी जुळतो. लिहिणाऱ्याने उत्साहाने मजकूर तयार केला: "बाजाराकडील हातपंपाचे पाणी विषारी आहे. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे."

या दोन छोट्या वाक्यांत तीन चुका आहेत, आणि त्यांतील एक धोक्याची आहे. पहिली चूक 'आहे' या शब्दाची. पट्टी इशारा देते, निकाल देत नाही. पट्टी जुनी असेल, बाटली धुतलेली नसेल, रंग मंद उजेडात पाहिला असेल, तर फरक पडतो. दुसरी चूक 'विषारी' या शब्दाची. तो ऐकताच लोक पंप सोडून नदीचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी आणू लागतील, आणि त्यात जंतू असतील तर घरोघर हगवण सुरू होईल.

तिसरी चूक उकळण्याच्या सल्ल्याची. पाणी उकळून प्यावे, हे आपण लहानपणापासून इतके ऐकले आहे की तो सल्ला कोठेही चालेल असे वाटते. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. परंतु नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे. उकळताना पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागेच राहते. एका लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि उकळून पाऊण लिटर पाणी उरले असेल, तर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ६० मिलिग्रॅम होते. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना याचा विशेष धोका असतो. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट बनते, ते रक्तातील हीमोग्लोबिनचे रूप पालटते, आणि असे रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळसर पडू लागते. ज्या आईने बातमी ऐकून, बाळाच्या भल्यासाठी, पाणी अधिक वेळ उकळले, तिनेच अधिक नायट्रेट त्याच्या पोटात घातले असते. आणि ते वाक्य एका लहान मुलीच्या गोड आवाजात ऐकलेले असल्यामुळे तिने त्यावर अधिक विश्वास ठेवला असता. मुलाचा आवाज ऐकणाऱ्याची शंका शिथिल करतो. म्हणूनच तो ज्यांनी वापरावयाचा त्यांची जबाबदारी वाढते.

मग काय करावे? प्रथम नमुना पुन्हा घ्यावा व दुसऱ्या विद्यार्थ्याने, पहिला रंग न पाहता, तपासावा. नंतर शिक्षकांमार्फत नमुना सरकारी पाणीतपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. वार्तापत्र दाखविण्यापूर्वीच त्या पंपावर पाणी भरणाऱ्या घरांना आणि तेथील आरोग्यसेविकेला शिक्षकांनी समक्ष जाऊन सांगावे. आपल्या घरातील धोका कोणालाही पडद्यावरून पहिल्यांदा कळू नये. बातमीत पंपाची जागा सांगावी, परंतु त्याला कोणत्याही जातीचे, वस्तीचे किंवा घराचे नाव चिकटवू नये. मजकूर मराठीत उतरविला तर असा होईल:

"आमच्या शाळेने दोन हातपंपांचे पाणी तपासले. बाजाराकडील पंपाच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण जास्त असण्याची शक्यता दिसली. आम्ही दोनदा तपासले. पक्की तपासणी प्रयोगशाळेत होईल. नमुना काल दिला आहे. तोपर्यंत सहा महिन्यांखालील बाळाच्या वरच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्यात जंतू असल्याची शंका असेल तेव्हा मात्र उकळणे योग्यच. प्रयोगशाळेचे उत्तर येताच आम्ही ते सांगू."

हे छप्पन्न शब्द झाले. आपल्या हिशेबात बसतात. आता शेवटची परीक्षा. निवेदिकेने कागद उलटा ठेवावा आणि बातमी आपल्या बोलीत, घरी आजीला सांगावी तशी, सांगावी. ती अडखळली, तर दोष तिचा नाही, मजकुराचा आहे. तो पुन्हा लिहावा. कदाचित ती विचारील, "आमच्या घरी तेच पाणी येते. मग माझ्या भावाला काय पाजायचे?" हा प्रश्न आला की मजकूर अजून अपुरा आहे असे समजावे. ऐकणाऱ्या प्रत्येक घरात तोच प्रश्न उठणार आहे. सुरक्षित पाणी जवळ कोठे मिळते, हे आरोग्यसेविकेला विचारून उरलेल्या चार शब्दांत सांगावे. चारांचे आठ झाले तरी चालेल, मेळ्याच्या बातमीतून तेवढे शब्द काढून घेता येतील.

उजेड आणि आवाज

चित्रीकरणासाठी वेगळ्या खोलीची वा महागड्या दिव्यांची गरज नाही. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड मुलाच्या चेहऱ्यावर समोरून, किंचित एका बाजूने पडावा. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळवंडतो. दिवे वापरावयाचे असतील, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो, आणि त्यामुळे अनेक दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला हे जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला जाणवते, आणि चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा पन्नासावा भाग अशी मांडणी केली की बहुधा हा दोष जातो.

चित्रातील उणीव प्रेक्षक सोसतो. आवाजातील उणीव सोसत नाही. फोन तीन मीटर दूर ठेवून त्यातच आवाज घेतला, तर मुलाच्या आवाजाबरोबर भिंतींचा घुमारा, पंखा आणि रस्त्यावरची रहदारीही येते. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सहा डेसिबलांनी वाढते. म्हणून वेगळा मायक्रोफोन घेऊन तो तोंडापासून दोन वितींवर, चित्रात न येईल असा ठेवावा. दुसरा फोनही हे काम करील. भिंतींवर गोधड्या किंवा जाड चादरी टांगाव्या. विणकरांच्या मुलखात त्यांची वाण पडू नये. चादर ध्वनी शोषते, उघडी भिंत तो परतविते. पंखा बंद करावा लागेल; पण बुंदेलखंडात उकाडा कडक असतो, तेव्हा एका वेळी दोन मिनिटांपेक्षा अधिक तो बंद ठेवू नये.

चित्र आणि आवाज वेगळे घेतले, तर ते पुढे जुळवावे लागतात. त्यासाठी आरंभी कोणी तरी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. हात मिळाल्याचे चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवले की सर्व जुळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका चित्राला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे चौदा मीटर जातो. वर्गात हा फरक जाणवत नाही. नदीच्या पैलतीरावरचा ढोल घेताना मात्र ढोलावर काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो, हे मुलांना स्वतः पाहता येईल.

व्यावसायिक निवेदक कॅमेऱ्याकडे पाहत वाचतात, त्याचे रहस्य एका काचेत आहे. कॅमेऱ्यासमोर काच ४५ अंशांत तिरपी धरलेली असते आणि खालच्या पडद्यावरील अक्षरे तिच्यात उमटतात. कॅमेरा काचेपलीकडून निवेदकाला पाहतो. ही युक्ती १९५० च्या सुमारास अमेरिकेत निघाली. विद्यार्थ्यांना ती साध्या काचेने करता येते. मात्र काच थोडाच प्रकाश परतविते, म्हणून खालचा पडदा प्रखर हवा, आणि काचेत अक्षरे उलटी उमटत असल्यामुळे ती आधीच उलटी दाखविली पाहिजेत. पण लहान मुलासाठी साधा कागद अधिक बरा. कागदाकडे पाहणारे आणि मग मान वर करून बोलणारे मूल प्रामाणिक दिसते. धावणाऱ्या अक्षरांमागे धावणारे डोळे दिसत नाहीत असे कोणी समजू नये.

मुलाचा अधिकार

निवेदक निवडताना गोरा रंग, शुद्ध उच्चार आणि धीटपणा या तिन्ही कसोट्या आपोआप पुढे येतात. त्यांतील पहिली तर निषिद्धच मानावी. दुसरीविषयी असे म्हणता येईल की, बुंदेली वळणाचे उच्चार ही उणीव नाही. त्या गावाला ते अधिक जवळचे आहेत. धीटपणा सरावाने येतो. शक्यतो प्रत्येक वार्तापत्राला निवेदक बदलावा, म्हणजे एकाच मुलाच्या डोक्यात प्रसिद्धी शिरत नाही आणि बाकीच्यांच्या मनात 'हे आपले काम नव्हे' अशी समजूत घर करीत नाही.

आईवडिलांची लेखी संमती घ्यावी, आणि ती घेताना चित्रफीत कोठे दाखविणार, कोणाजवळ राहणार, किती दिवस ठेवणार, हे स्पष्ट लिहावे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. परंतु पालकांनी हो म्हटले आणि मुलाने नको म्हटले, तर मुलाचे ऐकावे. चित्रफीत एकदा हातोहात फिरू लागली की ती परत घेता येत नाही. म्हणून मुलाचे पूर्ण नाव व घरचा पत्ता सांगू नये, आणि गणवेशावरील शाळेचे चिन्ह झाकावे. संकटात सापडलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा आरोप आलेल्या कोणत्याही मुलाची ओळख उघड होईल असे काही दाखवू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने त्याला मनाई केली आहे.

व्यावसायिक बालकलाकारांसाठी आपल्याकडील नियमांनी दिवसाला पाच तास आणि विश्रांतीवाचून सलग तीन तास ही कमाल मर्यादा घातली आहे. शाळेचा उपक्रम हा धंदा नव्हे, तेव्हा आपली मर्यादा त्याहून पुष्कळ खाली असावी. निवेदनाचे चित्रीकरण एका तासात संपवावे. एकच वाक्य चौथ्यांदा चुकले, तर मुलाला पाचव्यांदा म्हणावयास लावू नये, वाक्य बदलावे. चुकलेल्या वाक्यांची गंमत म्हणून वेगळी चित्रफीत काढून वाटणे हा तर विश्वासघात होय.

राखलेले वीस शब्द

शब्दांच्या हिशेबात आपण वीस शब्द बाजूला ठेवले होते. ते दुरुस्तीसाठी. मागील वार्तापत्रात जी चूक झाली असेल, ती पुढच्या वार्तापत्रात, नमस्कारानंतर लगेच सांगावी, शेवटी घाईघाईने नव्हे. "मागील वेळी आम्ही पाऊस बारा मिलिमीटर सांगितला, तो दहा होता. मोजताना आमची चूक झाली." एवढे पुरे. दुरुस्ती वाचण्यासाठी नेहमी मुलालाच पुढे करू नये. चूक मोठ्यांच्या हातून झाली असेल, तर शिक्षकांनी स्वतः पडद्यावर यावे आणि ती सांगावी.

चूक झाली नसेल, तर तेथे पाण्याच्या प्रयोगशाळेचे उत्तर येईल. नायट्रेट मर्यादेत निघाले, तर तेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. पंपावरून परत फिरलेल्या बायकांना पुन्हा पंपाकडे आणणे हीसुद्धा बातमीच आहे. अधिक निघाले, तर कोणत्या कार्यालयाकडे अर्ज केला आणि कोणत्या तारखेला, हे सांगावे. उत्तर आलेच नसेल, तर "उत्तर अजून आलेले नाही" असे सांगावे, आणि ते येईपर्यंत प्रत्येक वार्तापत्रात सांगत राहावे. त्या चार शब्दांना निवेदिकेचा आवाज कापू नये म्हणून, वार्तापत्राची तालीम नेहमी तेथूनच सुरू करावी.